थकवा, लॅक्टिक आम्ल आणि खेळाडूची विश्रांती : एका रूढ स्पष्टीकरणाची चिकित्सा

शारीरिक शिक्षणाच्या अध्यापनात एक स्पष्टीकरण पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. तीव्र व्यायामाने स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते, त्यामुळे थकवा येतो व दुसऱ्या दिवशी अंग दुखते. सबब मालीश करून वा बर्फ लावून हे आम्ल घालविले की खेळाडू पुन्हा ताजा होतो. हे स्पष्टीकरण परीक्षेत लिहावयास सोयीचे आहे. मात्र त्याचा बराचसा भाग आज ग्राह्य धरता येत नाही आणि त्याचे परिणाम खेळाडूला भोगावे लागतात.

या समजुतीचे मूळ अप्रतिष्ठित नाही. १९०७ साली फ्लेचर व हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून थकलेल्या स्नायूत हे आम्ल वाढते असे दाखविले. स्नायूंवरील पुढील कार्याबद्दल हिल व मायरहॉफ यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक लाभले. निरीक्षणे खरी होती. परंतु शरीरापासून वेगळ्या केलेल्या, रक्तपुरवठा नसलेल्या स्नायूवरून धावणाऱ्या माणसाविषयी काढलेला निष्कर्ष घाईचा होता. जॉर्ज ब्रुक्स यांच्या १९८० नंतरच्या संशोधनाने तर हे चित्रच पालटले. लॅक्टेट हा टाकाऊ पदार्थ नसून हृदय व इतर स्नायू त्याचा इंधन म्हणून उपयोग करतात. शिवाय काळाचा हिशेबही जुळत नाही. रक्तातील लॅक्टेट साधारणतः तासाभरात पूर्वपदावर येते, तर अंगदुखी २४ ते ७२ तासांनी शिगेस पोहोचते. उतारावरून धावताना लॅक्टेट फारसे वाढत नाही, तरी मांड्या सर्वाधिक दुखतात त्या याच व्यायामाने. ही वेदना स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेशी निगडित आहे, असे हफ यांनी १९०२ मध्येच सुचविले होते.

मालीश निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. २०१२ सालच्या एका अभ्यासात मालिशीने स्नायूतील दाहाचे संकेत कमी झालेले आढळले. लॅक्टेटमध्ये मात्र फरक पडला नाही. बर्फाच्या पाण्याविषयी अधिक सावधपणे बोलावयास हवे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १२ आठवड्यांच्या अभ्यासात, शक्तिवर्धक व्यायामानंतर दरवेळी थंड पाण्यात बसणाऱ्यांच्या स्नायूंची व बळाची वाढ, हलका व्यायाम करून थांबणाऱ्यांपेक्षा कमी झाली. एकाच दिवशी दोन सामने असतील तर हा उपाय वेदना सुसह्य करील. सरावाच्या हंगामात तो रोजचा करणे म्हणजे सरावाचेच फळ घटविणे होय.

'आम्ल घालविणे' या कल्पनेने लक्ष काढून टाकण्याकडे वळविले, भरून काढण्याकडे नव्हे. वस्तुतः दीर्घ श्रमानंतर ग्लायकोजेनचा साठा रिता झालेला असतो. पुढचा सामना काही तासांवर असेल तर पहिले चार तास शरीराच्या दर किलोस ताशी १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके द्यावीत, अशी शिफारस आहे. ६० किलोच्या कबड्डीपटूस हे ताशी ६० ते ७२ ग्रॅम होतात. दोन केळी व पेलाभर साखर-मिठाचे सरबत यांनी ही गरज जवळजवळ भागते. घामाने वजन १ किलो घटले तर सुमारे दीड लिटर पाणी, तेही मिठासह, हळूहळू घ्यावे लागते. तालमीतील वस्ताद खुराक आणि झोप यांना मेहनतीचाच भाग मानीत. त्यांची कारणमीमांसा काहीही असो, क्रम बरोबर होता.

आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत मात्र हाच क्रम मोडतो. रात्रीचा प्रवास, वर्गखोलीतील फरशीवर झोप, सामना संपल्यावर दोन-तीन तासांनी मिळणारे जेवण, हे अपवादात्मक नाही. अशा संघासोबत वेदनाशामक फवारा आवर्जून असतो, वजनकाटा क्वचितच. दौऱ्याच्या खर्चपत्रकात केळी, सरबत आणि सतरंज्या यांना स्वतंत्र रकाना असावा. आणि मध्यरात्री परतलेल्या खेळाडूस सकाळी सातच्या तासिकेच्या हजेरीतून सूट द्यावी की नाही, हा प्रश्न क्रीडा विभागापुरता न ठेवता प्राचार्यांच्या सभेत यावयास हवा.