नियम आणि नाते : पंडिता रमाबाईंची वाँटेजकालीन पत्रे

मराठी प्रवासवर्णनांतून परदेश बहुधा विस्तीर्ण दिसतो : राजधान्या, आगगाड्या, कारखाने, सभा. परंतु परक्या मुलखात माणसाची खरी कसोटी लागते ती एखाद्या लहानशा, नियमबद्ध समूहात रोजचा दिवस काढताना. पंडिता रमाबाईंचा इंग्लंडमधील पत्रव्यवहार ह्या दृष्टीने वाचावयास हवा.

१८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन रमाबाई वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन ह्या अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र धर्म स्वीकारला म्हणजे आश्रयदात्यांची राहणी आणि आज्ञाही स्वीकारली पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते. अंडी घातलेले पुडिंग त्यांनी नाकारले. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असा आग्रह धरला. सिस्टर जेरल्डीन यांना त्यात जुना जात्यभिमान दिसला. रमाबाईंच्या लेखी तो सदसद्विवेकाचा प्रश्न होता. पुढे त्या चेल्टनहॅमला असताना इंग्रज तरुणांना शिकविण्याचा विषय निघाला. बिशपांनी हरकत घेतली आणि हा वाद अधिकच तीव्र झाला.

तरीही ह्या पत्रांना केवळ बंडाचे दस्तऐवज म्हणणे एकांगी ठरेल. इंग्रजीतून लिहिताना रमाबाई जेरल्डीनबाईंना ‘आजीबाई’ म्हणतात. हा एक मराठी शब्द फार मोठे काम करतो. संघाच्या व्यवस्थेत नवदीक्षितेने वरिष्ठांचे ऐकावयाचे असते. आजीशी मात्र नात हट्टाने वाद घालू शकते, आणि वादानंतरही नाते उरते. उपकाराचे ओझे मान्य करूनही मतस्वातंत्र्य राखण्याची जागा रमाबाईंनी ह्या संबोधनातून निर्माण केली, असे मला वाटते.

ही पत्रे संकलित केली ती स्वतः सिस्टर जेरल्डीन यांनी, अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती १९७७ मध्ये ग्रंथरूपाने आली. म्हणजे वादातील एका पक्षानेच दुसऱ्याचा आवाज जपला. निवड आणि मांडणी कोणाची, हे अभ्यासकाने विसरू नये. तसेच आपल्याला प्रतिकूल अशी पत्रेही त्या भगिनीने नष्ट केली नाहीत, हेही विसरू नये.

रमाबाईंच्या १८८९ च्या अमेरिकाविषयक मराठी ग्रंथात स्वातंत्र्याचे जे मनःपूर्वक कौतुक आहे, त्यामागे वाँटेजच्या भोजनगृहातील ही अबोल झुंज उभी आहे. ती ध्यानी घेतल्यावाचून त्या कौतुकाची किंमत कळत नाही.