जमिनीवरील नियंत्रण : संघर्ष, सहकार आणि अध्यापनातील एक उणीव

प्रस्तावना :
जमिनीवरील नियंत्रण कसे घडते, हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापनात बहुधा विषयांच्या कप्प्यांत विभागला जातो. कालवा भूगोलात, कमाल जमीनधारणा कायदा राज्यशास्त्रात आणि सहकार अर्थशास्त्रात शिकविला जातो. परिणामी संघर्ष व सहकार या परस्परविरोधी प्रक्रिया आहेत, अशी विद्यार्थ्यांची समजूत होते. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रवरा खोरे ही समजूत खोडून काढते.

विवेचन :
भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. प्रवरा कालव्यांच्या पाण्याने जिरायत जमीन उसाखाली आली. हरेगाव परिसरात खाजगी साखर कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. मालकी शेतकऱ्याची आणि ताबा कंपनीचा, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते. १९६१ च्या कायद्याने कंपन्यांकडील कमाल मर्यादेवरील जमीन शासनाकडे आली. परंतु कारखान्यांचा ऊसपुरवठा खंडित होऊ नये म्हणून ती सलग ठेवण्याची तरतूद झाली आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे ती कसण्यासाठी गेली. कंपनीचा ताबा संपला, खंडकऱ्यांचा प्रश्न मात्र सुटला नाही. प्रदीर्घ लढ्यानंतर २०१२ मध्ये त्यांना जमीनवाटपास प्रारंभ झाला.

याच खोऱ्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला. येथे जमीन सभासदाच्याच नावे राहिली. एकत्र आले ते भांडवल आणि ऊस. हे यश मान्य करूनही दोन प्रश्न उरतात. उसाची नोंद व तोडणीचा क्रम कारखाना ठरवितो. म्हणजे सहकारातही मालकी व नियंत्रण एकरूप नसतात. दुसरे असे की, सभासदत्व ऊस उत्पादकाचे असते. पाथर्डीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातून येणारा ऊसतोडणी मजूर या सहकाराच्या परिघाबाहेरच राहतो.

म्हणून सहकाराचे केवळ गौरवगान जितके अपुरे, तितकेच त्याला निव्वळ सत्ताकारण म्हणून निकालात काढणेही अपुरे आहे. एकत्र येण्याने सभासदाची जमीन टिकली. एकत्र येण्याची अट ऊस असल्याने इतर दूर राहिले. संघर्ष संपल्यावर सहकार सुरू होतो असे नव्हे. सहकार संघर्षाची सीमारेषा नव्याने आखतो.

समारोप :
अध्यापनात व्याख्यांऐवजी सातबारा उताऱ्यापासून आरंभ करणे उपयुक्त ठरेल. गाव नमुना सातमध्ये भोगवटादार व इतर हक्क, तर नमुना बारामध्ये पीक नोंदलेले असते. त्यासोबत कालव्याचा नकाशा ठेवून जमीन कोणाची, पाणी कोणाचे आणि पिकाचा निर्णय कोणाचा, हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. तिन्हींची उत्तरे एकच येत नाहीत, हे ज्या विद्यार्थ्याच्या ध्यानी येईल, त्याला नियंत्रण या संकल्पनेचा अर्थ उमगला असे म्हणता येईल.