‘रुपयाचा प्रश्न’ : एक परामर्श

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘दि प्रॉब्लेम ऑफ दि रुपी’ हा ग्रंथ १९२३ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. त्याचा परामर्श कोल्हापुरांत विशेषेंकरून घेतला पाहिजे. कारण १९२० सालीं माणगांवच्या परिषदेनंतर ग्रंथकर्ते ज्या अपुऱ्या राहिलेल्या अध्ययनासाठीं पुन्हां विलायतेस गेले, त्यास शाहू छत्रपतींचें द्रव्यसाहाय्य होतें. आणि ग्रंथांतील कथेचें मूळ जी चांदी, तिचा जागतिक भाव आजही हुपरीच्या कारागिराच्या चुलीपर्यंत पोंचतो.

कथा थोडक्यांत अशी. १८७३ च्या सुमारास जर्मनी आदि राष्ट्रांनीं चांदी टाकून सोनें धरलें. चांदी उतरली व तिच्याबरोबर रुपयाची हुंडणावळही. म्हणून १८९३ सालीं सरकारनें टांकसाळी चांदीस बंद केल्या व पुढें रुपया १ शिलिंग ४ पेन्सांस बांधला. केन्ससारख्या पंडितानें या व्यवस्थेची वाखाणणी केली. डॉ. आंबेडकरांचा आक्षेप मार्मिक आहे : हुंडणावळ स्थिर असली म्हणजे चलन स्थिर झालें, असें नव्हे, रुपयास गांवच्या बाजारांत काय मिळतें, ही खरी कसोटी. रुपया उतरला कीं निर्यातदारास नफा होतो खरा. परंतु भाव चढतात आणि मजुरी मागें राहते, म्हणून तो नफा मजुराच्या ताटांतून आलेला असतो. येथें अर्थशास्त्र न्यायाच्या प्रश्नास भिडतें, आणि आमच्या मतें ग्रंथाचें थोरपण यांतच आहे.

त्यांचा उपाय मात्र आम्हांस मान्य होत नाहीं. नवे रुपये पाडणें बंद करून त्यांची संख्या कायमची मर्यादित करावी व सोन्याचें चलन सुरू करावें, असें ते सुचवितात. सरकारी लहरीस लगाम हवा, हें खरें. परंतु सोनेंही चांदीप्रमाणेंच जगाच्या बाजारचा माल. १९२९ नंतरची मंदी देशोदेशीं पसरली ती बऱ्याच अंशीं याच सुवर्णबंधनांतून. १९३१ सालीं खुद्द इंग्लंडनें तें तोडलें. म्हणजे ग्रंथकर्त्यांच्याच कसोटीस त्यांचा उपाय उतरला नाहीं.

कसोटी मात्र टिकली. २०१६ सालीं रिझर्व्ह बँकेच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन देशांतील भावांचें स्थैर्य हें चलननीतीचें प्रमुख उद्दिष्ट ठरलें, व भाववाढीसाठीं ४ टक्क्यांचें लक्ष्य नेमलें गेलें. तथापि रुपया घसरला कीं निर्यातीस उत्तेजन मिळेल, म्हणून समाधान मानणारे आजही आढळतात. तें उत्तेजन कोणाच्या खिशांतून जातें, एवढें विचारण्याचें धैर्य यावें म्हणून तरी वाचकांनीं हा ग्रंथ अवश्य वाचावा.