गेलेल्या वस्तूंची वही

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीने मला एक वही दाखवली. कापडी बांधणीची, जाड रंगीत पानांची. हल्ली अशा वह्या विकत मिळतात आणि त्या कशा भराव्या हे शिकवणारे वर्गही भरतात, असे तिच्याकडून कळले. हरवलेल्या, मोडलेल्या, नाइलाजाने टाकून द्याव्या लागलेल्या वस्तूंविषयी तीत लिहायचे. जमल्यास चित्र काढायचे, एखादी चिंधी किंवा तिकिटाचा कपटा चिकटवायचा. आणि मग त्या वस्तूचा निरोप घ्यायचा. भाचीने आपल्या हरवलेल्या घड्याळाविषयी दोन पाने लिहिली होती. ती वाचून मी 'छान आहे' म्हणालो, आणि माझ्या म्हणण्यात जोर नाही हे तिने ताबडतोब ओळखले. 'मामा, काय कमी आहे ते सांगा ना,' ती म्हणाली. त्या वेळी मला सांगता आले नाही. हा लेख म्हणजे तिला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

त्या दोन पानांत काळ होता, सोबत होती, विरह होता. घड्याळ मात्र नव्हते. पट्ट्याच्या कितव्या भोकात ती काटा अडकवीत असे, काचेवरचा चरा कोठून कोठवर गेला होता, ते रोज किती मिनिटे मागे पडे, यांतले काहीही मला कळले नाही. घड्याळाऐवजी तेथे छत्री घातली असती तरी मजकुराचे काही बिघडले नसते. वस्तू गेली म्हणून लिहायला बसावे आणि लिहिताना ती दुसऱ्यांदा घालवावी, असा हा प्रकार होता. दोष एकट्या भाचीचा नाही. आपल्याकडच्या कितीतरी आठवणवजा ललित लेखांत हेच घडते. लेखक वस्तूचे नाव घेतो आणि लगेच स्वतःच्या हळवेपणाकडे वळतो.

माझ्यापुढे या बाबतीत एक निराळा नमुना लहानपणापासून आहे. आमचे बिऱ्हाड पुण्यात शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला होते. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने त्याच दिवशी खडकवासल्याचेही धरण फोडले आणि नदी पेठांत शिरली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आम्ही सगळे वाचलो; घर वाचले नाही. पुढे दोन-तीन महिन्यांनी, आम्ही नातेवाइकांच्या दोन खोल्यांत राहत असताना, माझ्या आत्याने माझी एक अर्धी कोरी शाळेची वही मागून घेतली आणि तीत गेलेल्या वस्तू लिहायला सुरुवात केली. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. नुकसानभरपाईसाठी हे लिहिणे नव्हते. ती वही तिने कोणालाच दाखवली नाही. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत मला ती सापडली.

त्या वहीतल्या दोन-तीन नोंदी येथे देतो. 'विळी. फळी डाव्या अंगाला झिजलेली. वहिनी बसली की डुगडुगे, मी बसले की नाही.' 'ओसरीवरची खुंटी. अप्पांची छत्री तिच्यावर असे. छत्री आधीच गेली होती, खुंटी आता भिंतीसकट गेली.' 'फणेरपेटी. आरशाचा पारा उडाला होता. कपाळ दिसे, हनुवटी दिसत नसे.' आणि एके ठिकाणी 'बाळकृष्ण' असे लिहून, त्यावर रेघ मारून, पुढे लिहिले आहे: 'सापडला. चिखलात होता.'

या नोंदींत दुःखाचा शब्द नाही. तरीही विळीची ती एक ओळ वाचताना मला आमचे स्वयंपाकघर दिसते, आईचे आणि आत्याचे बसणे दिसते, आणि दोघींच्या अंगलटीतला फरकसुद्धा दिसतो. असे का व्हावे? वस्तूवर माणसाच्या वापराने जी खूण उमटते ती आत्या नेमकी टिपते, असे मला वाटते. झीज, चरा, उडालेला पारा, डुगडुगणारी फळी ही त्या वस्तूची खरी चरित्रे होत. नव्या विळीला चरित्र नसते. वस्तूचा सन्मान करायचा तो याच खुणा नीट सांगून. तिला सखी किंवा सोबती म्हटल्याने तो होत नाही.

आपल्या वाङ्मयात या रीतीला आधार नाही असे नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली दक्षिणा मिळवावी आणि घरचे कर्ज फेडावे म्हणून उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते गावातच होते. मिळवलेले द्रव्य लुटले गेले. खांद्यावरची गंगेची कावड तेवढी घरी पोचली. ही हकीकत त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी लिहून काढली. 'माझा प्रवास' वाचताना जाणवते ते हे की, हा भटजी गेलेल्या पैशांसाठी हंबरडा फोडीत नाही. काय मिळाले आणि काय गेले ते तो हिशेब सांगावा तसे सांगतो, आणि म्हणूनच त्याच्या कंबरेचे ओझे आणि नंतरचे रितेपण आपल्याला जाणवते.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट याहून वेगळी, पण मुक्काम तोच. 'स्मृतिचित्रे'च्या सुरुवातीला त्यांचे वडील भेटतात. सत्तावनच्या धामधुमीनंतर त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर त्यांनी सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की घरातले मीठसुद्धा धुतले जाऊ लागले. बाई हे हसतहसत सांगतात. वाचकही हसतो, आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते की पाण्यात विरघळून जाणाऱ्या त्या मिठात एका माणसाचे सगळे भय आणि सगळा शोक आहे. वस्तू नीट दाखवली की शोक वेगळा दाखवावा लागत नाही.

येथवर माझे उत्तर सोपे होते. परंतु आत्याच्या वहीत एक नोंद अशी आहे की तिच्यापाशी मी बरीच वर्षे अडून राहिलो. ती अशी: 'वहिनीच्या पाटल्या. जोडी. डब्यात होत्या. पुरात गेल्या.'

पाटल्या पुरात गेल्या नव्हत्या. 1959 साली वडिलांचे मोठे दुखणे निघाले तेव्हा त्या विकल्या गेल्या. सराफाकडे आईबरोबर आत्याच गेली होती. हे मला आईनेच तिच्या उतारवयात सांगितले. त्या दोन वर्षांत कोणी विचारले तर 'काढून ठेवल्यात' असे आई सांगत असे. लग्नामुंजीला जायचे ती शक्यतो टाळी. मग पूर आला. 'पुराने आपल्यावर एवढा एकच उपकार केला,' आई म्हणाली. 'त्यानंतर मला कोणी विचारले नाही.'

म्हणजे आत्याने वहीत खोटे लिहिले. ते का लिहिले हे समजायला अवघड नाही. भावजयीची लाज तिने कागदावरही झाकून ठेवली. माणूस म्हणून मला तिचा अभिमान वाटतो. पण समीक्षक म्हणून ती नोंद पुन्हापुन्हा वाचताना मला एक गोष्ट दिसली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. साऱ्या वहीत हीच एक नोंद निर्जीव आहे. पाटल्यांचे वजन नाही, नक्षी नाही, कोठे चेपल्या होत्या ते नाही. 'डब्यात होत्या' म्हणावे तर कोणत्या डब्यात? बाकी प्रत्येक डब्याचे झाकण कसे बसे हे लिहिणारी बाई येथे नुसती 'डब्यात' म्हणून थांबते. जेथे खरे सांगायचे नव्हते तेथे तिला तपशील सुचला नाही. तपशिलाचा खरेपणाशी असा आतला संबंध असतो. भाचीच्या पानांत खोटे काहीच नव्हते. पण खोट्या नोंदीला जी पोकळी येते तीच तेथे आली होती, कारण घड्याळाकडे पाहायचे तिने टाळले होते.

आता या नोंदीचे करायचे काय? एक मार्ग दुरुस्तीचा. 'माझा प्रवास' 1907 साली प्रसिद्ध झाले ते चिंतामणराव वैद्यांच्या हातून, भाषा सुधारून आणि काटछाट करून. मूळ हस्तलिखिताला धरून असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली काढली. मधली जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक गोडसे भटजींचे बोलणे दुसऱ्याच्या लेखणीतून ऐकत होता. वैद्यांनी हे पुस्तक जगापुढे आणले हे त्यांचे ऋण मोठे. तरी दुसऱ्याची आठवण आपण नीटनेटकी करू नये हा धडा त्यातून घ्यावाच लागतो.

दुसरा मार्ग मला महानुभावांनी दाखवला. हरवलेले जपण्याचे एक शास्त्रच या पंथाने केले. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही त्यांची वंदनीये. यांतला प्रसाद म्हणजे स्वामींच्या संबंधातल्या वस्तू. चक्रधर निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा जमवून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पंथाची परंपरा सांगते की, खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत ते मूळ पुस्तक नाहीसे झाले आणि ज्यांना जे मुखोद्गत होते त्यावरून ते पुन्हा उभे करावे लागले. आठवणी अर्थातच सारख्या निघाल्या नाहीत. तेव्हा, एक खरी ठरवून बाकीच्या पुसून टाकाव्या, असे या मंडळींनी केले नाही. अमक्याची आठवण अशी, तमक्याची अशी, हे भेद त्यांनी नावानिशी नोंदवून ठेवले. हरवलेल्या गोष्टीविषयी इतके सभ्य आणि इतके शास्त्रशुद्ध वर्तन मला अन्यत्र क्वचितच आढळले आहे. जो आठवतो त्याचा मान राहतो, आणि खरे काय याची वाटही बंद होत नाही.

मीही तेच केले. आत्याची ओळ खोडली नाही, तिच्यापुढे प्रश्नचिन्हही घातले नाही. आई जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली, आत्या त्याआधीच गेली. ज्यांच्यापासून हे लपवायचे होते तेही कोणी उरले नाही. त्या नोंदीच्या खाली थोडी जागा होती. तेथे वेगळ्या शाईने मी आईने सांगितले तेवढे लिहिले, आणि ते पान भाचीला दाखवले. तिने वाचले, आणि आपली रंगीत वही मागे घेऊन ती पट्ट्याची भोके आठवू लागली. मी लिहिले ते असे:

'आईची आठवण. पाटल्या 1959 साली मोडल्या. दादांच्या औषधाला. उजवीकडची किंचित सैल होती. कणीक मळताना ती कोपराकडे सरकवून घ्यावी लागे. विकल्यावरही कितीतरी दिवस कणीक मळायला बसले की डावा हात ती सरकवायला आपोआप उजव्या मनगटाकडे जाई. हे आत्याने पाहिले होते. ती काही बोलली नाही.'