तेरेजची रोमयात्रा

तीर्थयात्रेचीं वर्णनें बहुधा एकाच साच्यांत ओतलेलीं असतात. निघण्याचा दिवस, वाटेंतील हाल, देवळांची गणती, आणि शेवटीं कृतार्थतेचे चार शब्द! स्थळें कळतात, यात्रेकरू मात्र कळत नाहीं. या नियमाला अपवाद म्हणून फ्रान्समधील कार्मेल मठांतील संन्यासिनी तेरेज मार्तां हिच्या ‘एका आत्म्याची कथा’ या आत्मचरित्रांतील रोमयात्रेच्या प्रकरणाकडे रसिकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. लेखिकेच्या मृत्यूनंतर एक वर्षानें, १८९८ सालीं, हें पुस्तक प्रसिद्ध झालें; १९२५ मध्यें तिला संतपद मिळालें. भाविकांनीं पुस्तक डोक्यावर घेतलें. आम्ही येथें तें केवळ वाङ्मय म्हणून पाहणार आहों.

हकीगत थोडक्यांत अशी. तेरेजची आई १८७७ मध्यें वारली. लुई मार्तां या गृहस्थानें पांच मुली लिझ्यू गांवीं आणून वाढविल्या. दोघी थोरल्या मठांत गेल्यावर धाकट्या तेरेजनेंही चौदाव्या वर्षीं तोच ध्यास घेतला. १८८७ च्या मे महिन्यांत बापानें होकार दिला, आणि भिंतीवरचें एक पांढरें फूल मुळासकट काढून तिच्या हातीं दिलें. परंतु वय लहान म्हणून धर्माधिकारी मान्यता देईनात. त्याच वर्षीं पोप लिओ तेरावे यांच्या धर्मगुरुदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नॉर्मंडींतून यात्रेकरूंचा एक संघ रोमला निघाला. चौसष्ट वर्षांचा बाप सेलीन व तेरेज यांना घेऊन त्यांत सामील झाला. वेळ पडल्यास पोपनाच विनंती करावयाची, हा तेरेजचा बेत त्याला ठाऊक होता. यांतील मर्म वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. मुलीनें आपल्याला कायमचें सोडून जावें, याची परवानगी मिळावी म्हणून बापच तिला परदेशीं नेत आहे!

स्वित्झर्लंडचे पर्वत, मिलान, व्हेनिस, पादुआ, लोरेतो अशी वाट. शहरांचीं वर्णनें सामान्य आहेत, हें कबूल केलें पाहिजे. लेखणीला रंग चढतो तो माणसांच्या वर्णनांत. आगगाडीच्या डब्यांना संतांचीं नांवें दिलेलीं. या कुटुंबाच्या वांट्याला संत मार्तां यांचा डबा आला आणि सोबती त्या वृद्धाला त्याच नांवानें हांक मारूं लागले. नाझरेथांतील मेरीचें म्हणून लोरेतो येथें जें घर पूजिलें जातें, तेथें बाप रिवाजाप्रमाणें बाहेरच्या मंदिरांत प्रसाद घेतो. मुली मात्र एका धर्मगुरूला गांठून त्या घराच्या आंतच तो घेतात. कोलोसियममध्यें त्या कठडा ओलांडून पडक्या ढिगाऱ्यांत उतरतात आणि वरून बाप हांका मारीत राहतो. धर्मगुरूही दुबळीं माणसेंच असतात, हें तिला याच प्रवासांत उमगलें. आणि जागोजाग स्त्रियांनाच मज्जाव कां, हा तिचा सवाल आजही बोचतो.

२० नोव्हेंबर रोजीं पोपांची भेट झाली. कोणीं बोलावयाचें नाहीं, अशी ताकीद होती. तरी पोपांच्या गुडघ्यांवर हात ठेवून ती बोलली. वरिष्ठ ठरवितील तसें कर, देवाची इच्छा असेल तर प्रवेश मिळेल, एवढेंच उत्तर मिळालें. पहारेकऱ्यांनीं तिला उचलून दूर केलें. यात्रा निष्फळ झाली, आणि ती निष्फळता लेखिकेनें झांकलेली नाहीं. सामान्य यात्रावर्णनांत हा प्रामाणिकपणा दुर्मिळ.

‘माझा राजा’, ‘माझी राणी’ असा बापलेकींचा लडिवाळपणा जागोजाग येतो. प्रौढ वाचकाला तो प्रथम अति गोड लागतो. शिवाय पहिल्या आवृत्तींत थोरल्या बहिणीनें फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितें १९५६ मध्यें जशींच्या तशीं छापलीं गेलीं. तथापि एक गोष्ट विसरतां कामा नये. हें प्रकरण १८९५ मध्यें, घटनेनंतर आठ वर्षांनीं, लिहिलेलें आहे. तेरेज ९ एप्रिल १८८८ रोजीं मठांत गेली. बापानें स्वतः गुडघे टेकून रडत रडत तिला आशीर्वाद दिला. पुढच्याच वर्षीं त्याची बुद्धि ढळली, त्याला कां येथील वेड्यांच्या रुग्णालयांत ठेवावें लागलें, आणि १८९४ मध्यें तो वारला. रोममध्यें पोपांनीं त्याच्या मस्तकावर हात ठेवला होता; त्या स्पर्शांत लेखिकेला पुढील दुःखाची खूण दिसते. शेवट ठाऊक असलेली लेक प्रत्येक ‘राजा’ लिहीत आहे, हें कळलें कीं तो गोडवा खुपेनासा होतो.

रोमहून परतल्यावर बापानें तिला जेरूसलेमला नेण्याचें सुचविलें, आणि पृथ्वीवरच्या यात्रांना आपण कंटाळलों म्हणून तिनें नाकारलें. हें सारें दोन-तीन ओळींत उरकलें आहे. लेखिकेला तेथें आपल्या वैराग्याची खूण दिसते. आम्हांला, ज्यांच्या लेकी घराबाहेर पडल्या आहेत अशांना, वेगळेंच दिसतें. त्या वृद्धाला जेरूसलेम हवें होतें कीं लेकीच्या सहवासाचे आणखी चार दिवस हवे होते? पुस्तक याचें उत्तर देत नाहीं. परंतु हा प्रश्न मनांत उभा करतें, आणि त्यासाठींच तें घरोघर वाचलें जावें.