स्वयंभू मूळ संख्या : कापरेकरांच्या एका कल्पनेचे मूल्यमापन

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात अध्यापन करणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या कार्याविषयी दोन परस्परविरोधी मते आढळतात. एका मते ते अंकचमत्कारांचे भांडार होय. दुसऱ्या मते ती निव्वळ करमणूक. त्यांची 'स्वयंभू संख्या' ही कल्पना एका प्रचंड मूळ संख्येच्या संदर्भात तपासली असता दोन्ही मते अपुरी ठरतात.

एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली म्हणजे दुसरी संख्या उत्पन्न होते. १२२ मध्ये ५ मिळवून १२७ येतात. म्हणून १२२ ही १२७ ची जनक होय. जिला कोणतीच जनक नाही ती स्वयंभू. कापरेकरांनी ही कल्पना १९४९ मध्ये मांडली. दोनाच्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या, म्हणजे मर्सेन, मूळ संख्यांपैकी ३, ७ व ३१ या स्वयंभू आहेत, १२७ नाही. दोनाच्या २,४०,३६,५८३ व्या घातातून १ वजा केल्यास ७२,३५,७३३ अंकांची मूळ संख्या मिळते. जॉश फिंडली यांना ती २००४ मध्ये सापडली, तेव्हा ज्ञात मूळ संख्यांत ती सर्वांत मोठी होती. ती स्वयंभूही आहे, असे ल्यूक पेबडी यांनी २००६ मध्ये दाखविले.

या शोधाने त्या संख्येच्या मूळपणावर काही प्रकाश पडतो काय? मुळीच नाही. मूळपणा हा संख्येचा अंगभूत धर्म आहे. स्वयंभूपणा तिच्या लेखनपद्धतीवर अवलंबून असतो. दशमान पद्धतीत ३ स्वयंभू आहे. परंतु द्विमान पद्धतीत २ ही संख्या '१०' अशी लिहिली जाते, तिची अंकबेरीज १, आणि २ व १ मिळून ३ होतात. स्वयंभूपणा गेला, मूळपणा कायम राहिला. शिवाय सुमारे दहांत एक संख्या स्वयंभू असते. तेव्हा प्रचंड मूळ संख्यांत अशी एखादी आढळावी, यात नवल नाही.

तथापि एवढ्यावरून ही कल्पना टाकाऊ ठरविणे म्हणजे तिच्यामागील युक्तिवादाकडे डोळेझाक करणे होय. संख्येला व तिच्या अंकबेरजेला ९ ने भागल्यास बाकी एकच उरते. म्हणून जनकाच्या अंकबेरजेची दुप्पट आणि उत्पन्न संख्या यांची बाकीही एकच असली पाहिजे. ९७ ची बाकी ७. म्हणून जनकाची अंकबेरीज ८ किंवा १७ एवढीच संभवते. ८९ ची अंकबेरीज १७ आहे, ८ नव्हे. ८० ची ८ आहे, १७ नव्हे. अतएव ९७ स्वयंभू. उपर्युक्त प्रचंड संख्येच्या जनकाची अंकबेरीज साडेसहा कोटींपर्यंत जाऊ शकते. या नियमाने त्यांपैकी केवळ नवव्या हिश्शाची, सुमारे ७२ लाख पर्यायांची, तपासणी उरते. हे निव्वळ अंकांशी खेळणे नव्हे.

मार्टिन गार्डनर यांच्या १९७५ च्या लेखाने कापरेकरांचे नाव जगभर पोहोचले. पण प्रसिद्धी म्हणजे परीक्षण नव्हे. उम्बेर्तो झान्निएर यांनी १९८२ मध्ये स्वयंभू संख्यांची घनता शून्याहून अधिक असल्याचे सिद्ध केले. शाळाशिक्षकाने विचारलेला प्रश्न असा सिद्धांतापर्यंत पोहोचतो, हेच त्याच्या योग्यतेचे गमक. कापरेकरांचे मोल संख्येच्या लांबीवरून नव्हे, तर त्यांच्या प्रश्नाने चालना दिलेल्या विचारावरून ठरविले पाहिजे.