शिक्षा, अधिकार आणि एक साधा प्रश्न

चीनमध्ये १९५७ पासून २०१३ च्या अखेरीपर्यंत एक पद्धत चालू होती. न्यायालयापुढे उभे न करता, प्रत्यक्षात पोलिसांच्याच निर्णयाने, माणसाला काही वर्षांसाठी श्रमछावणीत पाठवता येत असे. या पद्धतीच्या चिनी नावात श्रम आहे, शिकवणे आहे आणि जोपासणेही आहे. चिनी कायद्यावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणताना मी या नावापाशी अडले. त्याच लेखाचे हिंदी भाषांतर करणाऱ्या सहकाऱ्याने 'पुनर्शिक्षा' असे लिहिले होते. हिंदी वाचकाला त्यात शाळा दिसेल, मराठी वाचकाला मात्र तुरुंग. शब्द एकच. तो हिंदीत सरकारची बाजू सांगतो आणि मराठीत छावणीतून परतलेल्या माणसाची.

हा योगायोग मनात घेऊनच मी जेरोम कोहेन यांच्या लेखनाकडे वळले. चिनी कायद्याचा अभ्यास अमेरिकेत ज्यांनी रुजवला त्यांत त्यांचे नाव अग्रभागी येते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले. त्याच वर्षी 'ईस्टवर्ड, वेस्टवर्ड' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. मी कायद्याची अभ्यासक नाही आणि चिनीसाठी मला शब्दकोशाचा व जाणकारांचा आधार घ्यावा लागतो. तरीही त्यांच्या लेखनाबद्दल भाषांतरकाराला काही सांगता येईल असे वाटते, कारण ते सारे मुळात एकाच गोष्टीबद्दल आहे: कायद्याने वापरलेला शब्द आणि त्या शब्दाखाली माणसाचे जे होते ते, या दोहोंतील अंतर.

कोहेन यांनी १९६० साली, तिशीत, चिनी शिकायला सुरुवात केली. त्या काळी अमेरिकन माणसाला चीनमध्ये प्रवेश नव्हता. १९६३-६४ मध्ये ते हाँगकाँगला राहिले आणि सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांना विचारत बसले: तुमच्या गल्लीत भांडण झाले तर कोण मिटवी? पोलीस आले तर पुढे काय होई? त्यातून आणि जमतील त्या सरकारी कागदांतून १९६८ साली 'द क्रिमिनल प्रोसेस इन द पीपल्स रिपब्लिक ऑफ चायना, १९४९-१९६३' हा जाडजूड ग्रंथ तयार झाला. चीनला तोवर फौजदारी संहिता नव्हतीच, ती १९७९ साली आली. संहिताच नाही तेथे कायद्याचा अभ्यास कसला, असे म्हणून थांबणे सोपे होते. कोहेन यांनी उलट दाखवले की शिक्षेचा मोठा भाग न्यायालयाच्या बाहेरच घडतो. समजूत घालणे, जाहीर टीका, पोलिसांची देखरेख, श्रमछावणी अशी एक उतरंडच तेथे आहे आणि खटला हे तिचे फक्त एक टोक आहे.

हा ग्रंथ वाचायला रुक्ष आहे, हे कबूल करायला हवे. अधिनियम, वर्तमानपत्रांतील उतारे, मुलाखती आणि मध्येमध्ये संपादकाचे प्रश्न अशी त्याची अध्यापकी बांधणी आहे. पण या बांधणीमुळेच एक गोष्ट साधली आहे. सरकारी मजकूर आणि निर्वासिताचे सांगणे एकाच टाइपात, एकाच पुस्तकात शेजारी बसतात. लेखक दोघांना सारखेच प्रश्न विचारतो. निर्वासिताला तो दयेचा विषय करत नाही, साक्षीदार मानतो. अमेरिकेत शीतयुद्धाची हवा तापलेली असताना ही बैठक राखणे साधे नव्हते.

पुढच्या अर्धशतकात कोहेन यांनी हाच प्रश्न निरनिराळ्या दारांवर विचारला: हे कोणत्या कायद्याने? तो त्यांनी स्वतःच्या देशालाही विचारला. १९५२ पासून चिनी तुरुंगात असलेले जॅक डाउनी हे त्यांचे येलमधील सहाध्यायी. ते गुप्तहेर नव्हते हा दावा अमेरिकेने सोडावा, असे कोहेन यांनी उघडपणे मांडले. सरकारने अखेर खरे कबूल केले आणि १९७३ साली डाउनी सुटले. नंतर शांदोंग प्रांतातील अंध, स्वतःच कायदा शिकलेले छन ग्वांगछंग यांच्याबाबतीतही तेच. सक्तीच्या गर्भपातांना वाचा फोडणाऱ्या छन यांना मालमत्तेची नासधूस आणि रहदारीत अडथळा या आरोपांखाली सव्वाचार वर्षे तुरुंगात ठेवले गेले. २०१० साली शिक्षा संपली, ते घरी आले आणि घरच तुरुंग झाले. कोणताही आदेश नव्हता, कलम नव्हते, फक्त दाराशी पहारेकरी होते. अशा वेळी कोहेन यांचा प्रश्न अत्यंत धारदार ठरतो, कारण त्याला उत्तरच नसते.

येथे मला भाषेकडे पुन्हा यावे लागते. चिनीत हक्काला 'च्वानली' म्हणतात. सत्ता आणि लाभ अशा अर्थाने जुन्या ग्रंथांत असलेला हा जोडशब्द १८६४ साली एका अमेरिकन मिशनऱ्याने आंतरराष्ट्रीय कायद्यावरच्या पुस्तकाचे भाषांतर करताना या नव्या अर्थाने वापरला. सत्तेसाठीचा आजचा चिनी शब्दही 'च्वानली'च. लिहिताना दुसरे अक्षर वेगळे, उच्चार तंतोतंत तोच. हे ऐकून आपण हसू नये. आपल्या 'अधिकार' शब्दाची गत काय आहे? नागरिकाला अधिकार असतात आणि ते अडवणाऱ्याला अधिकारी म्हणतात. बांगला आणि हिंदीतही हाच शब्द दोन्ही कामे करतो. मराठीत मात्र अरबीतून आलेला 'हक्क' अजून पुष्कळसा स्वच्छ आहे. हक्क गाजवता येतो, पण हुद्दा म्हणून मिरवता येत नाही. 'मानवाधिकार' हा शब्द सरकारी फलकांवर बसला असला तरी माझ्या भाषांतरात मी 'मानवी हक्क' असेच लिहिते.

कोहेन यांच्या पद्धतीची मर्यादाही याच ठिकाणी उघडी पडते. १ जुलै १९७९ या एकाच दिवशी चीनने १९२ कलमांची फौजदारी संहिता आणि परदेशी भागीदारीसाठी १५ कलमांचा कायदा, दोन्ही संमत केले. गुंतवणूकदाराचा कायदा भराभर वाढत गेला. त्या वाढीत कोहेन यांचाही हात होता. ते बीजिंगमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते आणि वकील म्हणून परदेशी कंपन्यांना सल्ला देत होते. कराराचा कायदा भक्कम झाला की आरोपीचा कायदाही हळूहळू त्यामागून येईल, अशी आशा त्या पिढीच्या कामामागे होती. ती फारशी फळली नाही. या आशेचा हिशेब त्या पिढीने जितका कठोरपणे मांडायला हवा होता तितका मांडला, असे मला वाटत नाही.

त्याहून मोठी अडचण अशी की सरकारही शिकते. मार्च २०१२ मध्ये चीनने फौजदारी प्रक्रिया कायदा सुधारला. त्यातील ७३ व्या कलमाने, राष्ट्रीय सुरक्षेसारख्या प्रकरणांत, संशयिताला ठरवून दिलेल्या जागी सहा महिन्यांपर्यंत ठेवण्याची सोय केली. जागा कुठली, हे घरच्यांना कळवण्याचे बंधन नाही. पुढच्याच महिन्यात छन भिंत ओलांडून निसटले. ९ जुलै २०१५ पासून वकिलांची धरपकड झाली तेव्हा त्यांतील कित्येकांना याच कलमाखाली ठेवले गेले. कोहेन यांनी या तरतुदीवर सडकून टीका केली. पण 'कोणत्या कायद्याने?' या प्रश्नाला आता उत्तर तयार होते: कलम ७३.

भारतीय वाचकाला हा पेच परका नाही. आपल्या घटनेचे २१ वे कलम घडत असताना घटना सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले होते. 'योग्य प्रक्रिया' ही व्यापक संज्ञा न्यायाधीशांच्या हाती फार सत्ता देते, असे फ्रँकफर्टर यांचे मत पडले. आपण कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीवर थांबलो. १९५० साली गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ शब्दशः घेतला आणि कार्यपद्धती न्याय्य व वाजवीही असली पाहिजे, हे म्हणायला १९७८ सालचा मनेका गांधी खटला यावा लागला. हेच फ्रँकफर्टर कोहेन यांचे गुरू. तरुणपणी कोहेन यांनी त्यांचे विधी-साहाय्यक म्हणून काम केले होते. कलम आहे एवढ्याने भागत नाही, हे म्हणणारे न्यायालय आपल्याला उशिरा का होईना लाभले. चीनमध्ये ते म्हणू शकणारे न्यायालय नाही.

मग कोहेन यांच्या कामातले काय टिकते? माझ्या मते प्रश्नाचा पहिला भाग बोथट झाला तरी दुसरा टिकतो: तुमच्यावर काय बेतले ते सांगा. १९६८ च्या ग्रंथातील कलमे आज इतिहासजमा आहेत. निर्वासितांचे सांगणे मात्र जुने झालेले नाही. ७३ व्या कलमाखालच्या खोल्यांबद्दल जगाला जे कळले तेही कलम वाचून नव्हे, तेथून बाहेर आलेल्यांनी सांगितले म्हणून. कोहेन यांची ओळख कायद्याचे पंडित म्हणून करून दिली जाते. मला ते आधी हाँगकाँगमधल्या एका खोलीत, नुकत्याच शिकलेल्या भाषेत, समोरच्याचे पुरते ऐकून घेणारे गृहस्थ वाटतात.

त्या छावणीच्या नावाचे मी शेवटी काय केले? सरकारी कागदाचा उतारा होता तेथे 'श्रमातून शिक्षण' लिहिले, कारण सरकार तसेच म्हणत होते. छावणीतून सुटलेला माणूस बोलत होता तेथे 'शिक्षा' लिहिले. संपादकांनी विचारले, एकाच गोष्टीला दोन शब्द का? दोन्ही ठेवा, असे मी कळवले.